भीड भिकेची बहीण

सरदारपूर, राजगढ, अमझेरा, धार या टापूतील कोणत्याही जुन्या मराठी घरात हळदीकुंकवाला, मुंजीला किंवा गणपतीच्या आरतीला चार मंडळी जमली म्हणजे तरुण मुलामुलींविषयी एक प्रश्न हमखास निघतो : "कायम झाला का?" मुलगा शासकीय महाविद्यालयात अतिथी विद्वान असो, मुलगी आरोग्य खात्यात संविदेवर असो, पुतण्या पीथमपूरच्या एखाद्या कारखान्यात ठेकेदारामार्फत अभियंता असो, की सून इंदुरात बसून तीन-चार कंपन्यांना हिशेबाचा सल्ला देत असो, उत्तर "नाही" असे आले की विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर सहानुभूती उमटते. मग सल्ला येतो, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या एकच आहे : "साहेबांशी गोड राहा, पैशाचे फार बोलू नकोस, घरच्यासारखे काम कर; आज ना उद्या ते तुझे बघतील."

या सल्ल्याविरुद्ध आम्ही हा लेख लिहीत आहोत. सल्ला देणाऱ्यांच्या मायेविषयी आम्हाला शंका नाही. आमच्या वडीलधाऱ्यांनी आम्हालाही तोच दिला होता आणि आम्ही तो कित्येक वर्षे पाळला. परंतु ठरावीक मुदतीसाठी, ठरावीक कामासाठी जो दुसऱ्याच्या दारी जातो, त्याचे आणि काम देणाऱ्याचे संबंध अशा भिडेने सुधारत नाहीत, उलट बिघडतात, असे आमचे अनुभवान्ती झालेले स्पष्ट मत आहे. कराराच्या कामातला सलोखा अटी आधी बोलून, त्या लिहून ठेवून आणि मग पाळून येतो. "आपण घरचेच आहोत" या शब्दांनी ज्या कामाचा प्रारंभ होतो, त्याचा शेवट बहुधा अबोल्यात होतो.

ज्या घराण्यांना आज संविदेची लाज वाटते, ती माळव्यात आली कशी, हे एकदा आठवावे. याच सरदारपूर तहसिलीतील अमझेऱ्याच्या रणात २९ नोव्हेंबर १७२८ रोजी चिमाजी अप्पांच्या फौजेने माळव्याचा मोगल सुभेदार गिरिधर बहादूर याचा पाडाव केला आणि मराठ्यांना माळव्याचे दार उघडले. त्या आणि त्यानंतरच्या फौजांबरोबर आमच्यातील अनेकांचे पूर्वज या मुलखात उतरले. फौजेतला बारगीर सरकारच्या घोड्यावर बसे. शिलेदाराचा घोडा स्वतःचा आणि हत्यारही स्वतःचे. आजच्या भाषेत सांगायचे तर शिलेदार हा आपली अवजारे घेऊन कराराने कामावर येणारा माणूस होता, आणि बारगिरापेक्षा त्याचा मान मोठा होता.

फौजेमागून मुलकी कारभार आला. परगण्यावर नेमलेल्या कमाविसदाराला सरकारातून बेहडा मिळे. त्यात परगण्याच्या वसुलाचा अदमास आणि मंजूर खर्च कलमवार मांडलेला असे. कमाविसदार नेमणुकीच्या वेळी वसुलाचा काही भाग 'रसद' म्हणून सरकारात आगाऊ भरी, त्यावर त्याला व्याज मिळे आणि ती रक्कम तो पुढील वसुलातून भरून घेई. फडणीस, मजुमदार आदी दरकदार त्याच्या हाताखाली काम करीत, पण त्यांना दूर करण्याचा अधिकार त्याला नसे. म्हणजे त्याच्या हिशेबावर दुसऱ्याची नजर राही. शेवटी सारा हिशेब सरकारात समजावून द्यावा लागे. ओसाड जमीन लागवडीस आणणाऱ्या कुळाला कौल दिला जाई आणि पहिल्या वर्षी किती सारा, दुसऱ्या वर्षी किती, तो चढत चढत पूर्ण दराला केव्हा पोहोचणार, हे त्या इस्ताव्याच्या कौलात लिहिलेले असे. 'कौल' या शब्दाचा अर्थ वचन असा आहे. आमच्या पूर्वजांनी वचन कागदावर उतरवले, आणि त्यामुळे विश्वासाला बाधा येते असे त्यांना कधी वाटले नाही.

येथे जुन्या काळाचे गोडवे गाण्याचा हेतू नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत परगणे जो अधिक रक्कम बोलेल त्याला इजाऱ्याने दिले जाऊ लागले, आणि इजारदारांनी रयत कशी पिळली, याचे वर्णन एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात केले आहे. केवळ आकड्यावर उभा राहिलेला आणि कामाच्या रीतीविषयी मूक असलेला करार किती घातक असतो, हेही आपल्याच इतिहासाने दाखवले आहे. तात्पर्य, करार चांगला किंवा वाईट असू शकतो. पण कराराने काम करणे हे हीनपणाचे आहे, ही समजूत आपल्या पूर्वजांची खचित नव्हती.

मग ही भीड आपल्यात आली कोठून? आमच्या मते ती संस्थानी काळातली आहे. १८१८ नंतर लढाया संपल्या आणि धार, देवास, इंदूर, ग्वाल्हेरच्या दरबारांत आपली माणसे कारकून, शिक्षक, वकील, वैद्य, अमीन झाली. पगार थोडा असे, पण महाराज 'अन्नदाते' होते. मुलीच्या लग्नाला मदत, आजारपणात सरकारी डॉक्टर, म्हातारपणी निर्वाहाची सोय, हे सारे हक्काने मागायचे नसे. ते 'बघितले' जाई. १९४८ मध्ये ही संस्थाने मध्यभारतात विलीन झाली, १९५६ मध्ये मध्यप्रदेश झाला आणि अन्नदात्याच्या जागी शासनाची कायम नोकरी आली. आज महाराज नाहीत आणि कायमच्या खुर्च्याही मोजक्याच उरल्या आहेत. 'ते बघतील' ही भाषा मात्र आपण जपून ठेवली आहे, आणि ती भाषा आपण अशा मुलांच्या तोंडी घालतो ज्यांचे बघणारे कोणी नाही.

मुदतीच्या कामात संबंध कसे घडतात आणि कसे विस्कटतात, हे पाहण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. शंभर वर्षांमागे या आपल्याच तीन राजधान्यांत बाहेरून आलेल्या तीन माणसांची उदाहरणे पुरेशी बोलकी आहेत.

पहिले देवासचे. थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव पवार यांच्याकडे १९२१ मध्ये ई. एम. फॉर्स्टर हे इंग्रज कादंबरीकार सुमारे सहा महिन्यांसाठी खासगी चिटणीस म्हणून आले. नेहमीचे चिटणीस रजेवर होते, त्यांच्या जागी ही तात्पुरती नेमणूक होती. महाराज आणि फॉर्स्टर यांचा स्नेह १९१२-१३ च्या भेटीपासूनचा आणि अगदी खरा होता. परंतु चिटणिसाने नेमके काय करायचे, हे कोणी ठरवले नव्हते. बागा, मोटारी, अतिथिगृह, वीजघर असे जे समोर येईल ते त्यांच्याकडे आले. १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द हिल ऑफ देवी' या पुस्तकात त्यांनी त्या दिवसांचा गोंधळ मोकळेपणाने सांगितला आहे, आणि महाराजांविषयीचे प्रेमही. स्नेह टिकला, पण कामाचे काय झाले, हे त्या पुस्तकाच्या वाचकाला सांगावे लागत नाही. पुढे त्या दरबाराच्या खर्चाचा मेळ बसेना, १९३३ मध्ये महाराज पाँडिचेरीस निघून गेले आणि १९३७ मध्ये तेथेच वारले. एका पाहुण्या चिटणिसामुळे हे घडले असे म्हणणे हास्यास्पद होईल. जेथे माणसे मायेने जोडली जातात आणि कामे कोणाच्याच नावावर नसतात, त्या घराची ती रीत होती, एवढेच आम्हाला म्हणायचे आहे.

दुसरे उदाहरण इंदूरचे. स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस हे होळकर दरबाराच्या निमंत्रणावरून नगररचनेचा सल्ला देण्यास आले. शहर प्लेगने गांजलेले होते. गेडिस नकाशा हाती घेऊन गल्लीबोळ पायी फिरत. रुंद रस्त्यांसाठी सरसकट घरे पाडण्याच्या तत्कालीन रिवाजाला त्यांचा विरोध होता. रोगाचे निदान आधी आणि शस्त्रक्रिया शक्य तितकी थोडी, असे त्यांचे धोरण होते. लोक मात्र या फिरणाऱ्या साहेबाकडे संशयाने पाहत. हा घर पाडायला आला, अशी त्यांची समजूत. त्यांच्या चरित्रकारांनी पुढील हकिकत नोंदवली आहे : गेडिस यांनी १९१७ च्या दिवाळीला एक दिवस 'महाराज' होण्याची परवानगी मागितली आणि जाहीर केले की, मिरवणूक त्याच मार्गाने जाईल जेथील रहिवाशांनी घरे सर्वांत चांगली झाडून, डागडुजी करून ठेवली असतील. शहर झाडले गेले, कचऱ्याच्या गाड्या भरभरून बाहेर गेल्या, मिरवणुकीत स्वच्छ पांढऱ्या वेषात सफाई कामगार मानाने चालले, घाणीचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर यांच्या प्रतिमा जाळल्या गेल्या. १९१८ मध्ये गेडिस यांचा दोन खंडांचा अहवाल प्रसिद्ध झाला.

या हकिकतीत संबंध जोडण्याचे जे शहाणपण आहे, ते दरबाराशी गोड बोलण्यात नाही. ज्यांच्या दारावरून आपली योजना जाणार आहे त्यांच्याशी गेडिस यांनी आधी संबंध जोडला, मिरवणुकीचा नियम सर्वांना आधी सांगितला आणि तो सर्वांना सारखा लावला. जे पटले नाही ते दरबाराला लेखी कळवले. शिवाय जाताना आपले काम कागदावर पूर्ण करून मागे ठेवले. तो अहवाल नगररचनेचे विद्यार्थी अद्याप वाचतात. "गरज सरो आणि वैद्य मरो" ही म्हण सल्लागाराच्या वाट्याला नेहमीच येते. परंतु जो वैद्य आपले निदान लिहून ठेवतो, त्याची गरज तो गेल्यावरही सरत नाही.

तिसरे उदाहरण आपल्या धारचे आणि आपल्या भाषेचे. वसईचे रघुनाथ कृष्ण फडके हे शिल्पकार. मुंबईच्या गिरगाव चौपाटीवरील लोकमान्यांचा पुतळा त्यांचा. धारच्या दरबाराच्या निमंत्रणावरून ते मूर्तिकामासाठी येथे आले आणि धारकरच होऊन गेले. १९६१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि फडके स्टुडिओ हे नाव धारमध्ये आजही लहानथोरांना ठाऊक आहे. त्यांच्या कराराचे कागद आम्ही पाहिलेले नाहीत, म्हणून त्याविषयी काही बोलत नाही. परंतु पुतळ्याच्या कामाची रीतच अशी आहे की तीत करार आपोआप शहाणा होतो. आधी मातीचा नमुना होतो. तो काम देणाऱ्याने पाहायचा, नाक-डोळ्यांविषयी काय म्हणायचे ते तेव्हाच म्हणायचे. मग साचा, मग प्लॅस्टर, मग धातूचे ओतकाम. माती ओली आहे तोवर बदल फुकट असतो, ओतकामानंतर तो फार महाग पडतो. कोणत्या टप्प्यावर कोणी होकार दिला हे दोघांना ठाऊक असले म्हणजे पुतळ्यावरून भांडण होत नाही. फडके धारला राहिले ते या कामांच्या जोरावर. 'आज ना उद्या बघतील' म्हणून ओसरीवर बसून नव्हे.

आता आमच्या घरची गोष्ट सांगतो. काही वर्षांमागे एका संस्थेने आपल्या वर्धापनाची स्मरणिका संपादित करण्यास आम्हाला सांगितले. तिचे चिटणीस आमचे बालमित्र. "दोन महिन्यांचे काम आहे, तू घरचाच आहेस," असे ते म्हणाले आणि आम्ही मान डोलावली. काम अकरा महिने चालले. समितीतील तीन सदस्य तीन प्रकारच्या दुरुस्त्या पाठवीत. पहिल्याने गाळलेला मजकूर दुसरा पुन्हा घाली, आणि अखेरचा शब्द कोणाचा हे कोणी सांगेना. सरदारपूर-इंदूर बसच्या फेऱ्या आम्ही आमच्या खिशातून केल्या आणि त्यांविषयी तोंड उघडले नाही, कारण भीड. पण न बोललेले मनात साठत जाते. शेवटच्या बैठकीत एका क्षुल्लक मुद्रणदोषावरून आमच्या तोंडून असे काही निघाले की जे अकरा महिन्यांचे होते, त्या दिवसाचे नव्हते. समारंभात आम्हाला शाल, श्रीफळ आणि पाकीट मिळाले. मित्र मात्र त्यानंतर आमच्या घरी आला नाही.

पुष्कळ दिवस आम्ही त्याला दोष दिला. आज आमचे मत निराळे आहे. पहिल्या दिवशी आम्ही तीन प्रश्न विचारले असते, की काम नेमके कोणते, अखेरचा शब्द कोणाचा, आणि मोबदला व प्रवासखर्च काय, तर फार तर तो पाच मिनिटे संकोचला असता. ती पाच मिनिटे वाचवण्यासाठी आम्ही चाळीस वर्षांची मैत्री खर्ची घातली. 'भीड भिकेची बहीण' ही म्हण आम्ही शाळेत पाठ केली होती. तिचा अर्थ आम्हाला त्या वर्षी कळला.

म्हणून मुदतीच्या कामावर जाणाऱ्या आमच्या मुलामुलींना आमचे सांगणे असे की, काम सुरू करण्यापूर्वी एक पानाचे पत्र लिहा. ते वकिली भाषेत असण्याची गरज नाही. त्यात पाच कलमे असावीत. पहिल्या कलमात काम काय आहे ते लिहावे, आणि काय नाही तेही लिहावे. बहुतेक तंटे या दुसऱ्या अर्ध्यातून उद्भवतात. दुसऱ्यात टप्पे आणि तारखा असाव्यात, आणि मातीच्या नमुन्याप्रमाणे कोणत्या टप्प्यावर पाहणी व होकार व्हायचा ते असावे. तिसऱ्यात उत्तर कोणाला द्यायचे त्या एका व्यक्तीचे नाव असावे. तीन धनी असलेल्या कामाला धनी नसतो. चौथ्यात मोबदला, त्याचे हप्ते, प्रवासखर्च आणि वाढीव कामाचा दर असावा. पाचव्यात शेवट असावा : काम मध्येच थांबवायचे झाल्यास किती दिवस आधी कळवायचे, कागदपत्रे कोणाच्या स्वाधीन करायची, केलेल्या कामाचे नाव व हक्क कोणाकडे राहणार. निरोपाचे कलम आरंभीच लिहिणे अशुभ आहे असे मानणाऱ्यांनी कमाविसदाराची हिशेब समजावून देण्याची रीत आठवावी.

पत्र पाठवल्यावर अर्धेच काम होते. उरलेले अर्धे वागण्यात आहे. उशीर होणार असेल तर तारीख उलटण्यापूर्वी कळवावे; वाईट बातमी आपल्या तोंडून आणि वेळेवर गेली तर पत वाढते, दुसऱ्याकडून गेली तर उरलेली पतही जाते. त्या कचेरीतील कायम माणसांना आपला धाक वाटू देऊ नये; ज्या कारकुनाने दहा वर्षे ती फाइल सांभाळली त्याला आपण दहा दिवसांत शिकवू नये, त्याला विचारावे आणि त्याने सांगितलेले त्याच्या नावाने सांगावे. कचेरीतील गटबाजीत पाहुण्याने पडू नये. जे येत नाही त्याला 'येत नाही' म्हणावे. आणि नको ते काम नम्रपणे, पण पहिल्याच दिवशी नाकारावे. यांत गोड बोलणे कोठेच नाही, तरीही ज्याच्याशी असे वागले जाते तो पुन्हा बोलावतो, हा आमचा अनुभव आहे.

कायदाही आपल्या समजुतीइतका परका नाही. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे तोंडी करारही करारच असतो. अडचण येते ती पुराव्याची. त्याच कायद्याच्या ७० व्या कलमाने, फुकट करण्याचा हेतू नसताना कोणी कायदेशीररीत्या केलेल्या कामाचा लाभ दुसऱ्याने घेतला तर त्याची भरपाई देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याखाली सूक्ष्म किंवा लघु म्हणून नोंदलेल्या सेवा देणाऱ्याचे पैसे, करारात काहीही लिहिले तरी, ४५ दिवसांपलीकडे अडवता येत नाहीत. अडवल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. एकटा सल्लागारही ही नोंदणी करू शकतो. आमच्या परिचयातील किती तरुण सल्लागारांनी ती केली आहे, याचे उत्तर आम्हाला फारसे सुखावह वाटत नाही.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की, जेथे कागद आला तेथे विश्वास संपला. हे म्हणणारे गृहस्थ मुलीच्या लग्नात याद्या करतात, साखरपुड्यात मानपानाच्या साड्या मोजून लिहितात आणि त्या याद्यांमुळे व्याह्यांवरचा विश्वास उडाला असे म्हणत नाहीत. कागद स्मृतीसाठी असतो. दोन सज्जन माणसांनाही एकच बोलणे दोन प्रकारे आठवते, आणि दोघेही प्रामाणिक असतात. म्हणूनच त्यांचे भांडण अधिक कडवट होते.

दुसरा आक्षेप गंभीर आहे आणि तो आम्ही टाळणार नाही. इंदूरचा सल्लागार अटी मांडू शकेल. पण पीथमपुरात ठेकेदाराकडे रोजाने जाणारा मुलगा किंवा दर सत्रानंतर ज्याची जागा जाऊ शकते तो अतिथी शिक्षक कोणत्या तोंडाने पत्र लिहील? त्याने अटी मांडल्या तर उद्या दुसरा येईल. हे खरे आहे. दुबळ्याला "स्पष्ट बोल" असा उपदेश करून मोकळे होणे हा आणखी एक ढोंगीपणा होईल. म्हणून आमचे म्हणणे असे की, जेथे दोन्ही बाजू समान नाहीत तेथे स्पष्टतेची जबाबदारी बलवान बाजूची आहे. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने हे तत्त्व वेतनापुरते मान्य केले होते : ठेकेदाराने वेतन बुडवले तर ते मूळ मालकाने द्यावे. २०२० च्या श्रमसंहितेनेही ते राखले. त्या मुलाने निदान हजेरीची, तासांची आणि मिळालेल्या पैशांची आपली वही रोज लिहावी. ती कोणाची परवानगी मागत नाही. आणि त्याच्या काकांनी त्याला "गोड राहा" म्हणण्याऐवजी त्या वहीवर दर रविवारी नजर टाकावी. मायेला एवढे काम पुरेसे आहे.

तिसरा आक्षेप कोणी उघडपणे घेत नाही, म्हणून आम्हीच घेतो. हे सारे आम्ही काम घेणाऱ्या तरुणांना सांगतो. पण काम देणारे आम्ही कसे वागतो? आपली मराठी मंडळे, वाचनालये, गणेशोत्सव समित्या, साहित्य सभा या साऱ्या काम देणाऱ्या आहेत. व्याख्यात्याला आपण तारीख कळवतो, विषय कळवतो, आणि पैशाविषयी मौन पाळतो. शेवटी पाकिटात जे असेल त्याला 'मानधन' म्हणतो. मान आणि धन या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि एकीच्या तुटीची भरपाई दुसरीने करण्याची ही युक्ती आहे, असे आमचे मत आहे. जुने लोक अधिक सरळ होते. गवयाला बोलावताना बिदागी आधी ठरे आणि मग मैफल रंगे. आम्ही ज्या मंडळाच्या कार्यकारिणीत होतो, त्याच मंडळाने एका मंडपवाल्याचे बिल चार महिने थकवले होते. तो तीन वेळा येऊन, चहा पिऊन, पैशाचा शब्दही न काढता परत गेला. बैठकीत कोणी म्हणाले, "जाऊ द्या, घरचाच आहे." त्या ठरावाला आम्ही हात वर केला होता. पुढल्या वर्षी त्याने आमचे काम घेतले नाही, आणि आम्ही त्याला माजलेला म्हटले. हे लिहिताना आम्हाला लाज वाटते, आणि ती वाटावी हेच योग्य आहे.

तेव्हा या पानांच्या वाचकांपुढे आम्ही एक साधी सूचना ठेवतो. आपल्यातील जे जे कोणी एखाद्या मराठी संस्थेचे पदाधिकारी आहेत, त्यांनी येत्या वर्षापासून व्याख्याता, गायक, संपादक, चित्रकार, स्वयंपाकी, मंडपवाला, कोणालाही बोलावताना ते एक पानाचे पत्र संस्थेच्या बाजूने आधी पाठवावे. त्यात रक्कम लिहावी. देता येत नसेल तर 'देऊ शकत नाही' असे लिहावे. आणि काम झाल्यावर पंधरा दिवसांत पैसे द्यावेत. विनामोबदला काम करणारे आपल्यात पुष्कळ आहेत आणि पुढेही असतील. ते देणगी देतात हे त्यांना आणि आपल्याला आधी ठाऊक असावे, एवढेच. न सांगता उकळलेली देणगी ही देणगी राहत नाही.

यापुढे एखाद्या घरी मुलाविषयी विचारायचेच असेल, तर "कायम झाला का?" असे न विचारता "कामाचे ठरले का?" असे विचारावे. आपल्या भाषेत खंबीर, शब्दाला जागणाऱ्या माणसाला 'करारी' म्हणतात. माळव्यात आलेली आपली पहिली पिढी त्या अर्थाने करारी होती. आपल्या मुलांच्या वाट्याला करार आलाच आहे. त्यांना करारी होऊ देणे आता आपल्या हाती आहे.